रिकाम्या ओळीनंतर
१
हे कुणाला सांगायचं नाही, असं मी कबूल केलं आहे. करंगळीत करंगळी अडकवून कबूल केलं आहे, आणि आमच्या घरात ती शपथ गळ्याच्या शपथेपेक्षा पक्की धरतात. पण कबूल 'मी' केलं होतं. म्हणून ह्यापुढे 'मी' कुठेच येणार नाही. ही गोष्ट धाकटीची आहे, असं धरून चाला.
आणखी एक. हे लिहिताना मध्ये रिकामी ओळ सोडायची नाही. एक परिच्छेद संपला की त्याला चिकटून पुढचा. अगदीच दम लागला तर आकडा टाकायचा. असं का, ते पुढे कळेल.
तर धाकटी. शाळेत मागच्या बाकावर बसणारी, हजेरीच्या वेळी "हजर" इतक्या हळू म्हणणारी, की बाईंनी दोनदा नाव घ्यावं. बोलायला ती लाजायची, बघायला मात्र नाही. तिची आई शिवणकाम करायची. बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी तिचं मशीन. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. सकाळी जाताना साबणाचा वास, संध्याकाळी येताना ग्रीसचा. आणि आतल्या खोलीत ताई. ती घरूनच काम करायची. तिच्या टेबलावरचा संगणक रात्रंदिवस सुरू असायचा. त्याच्या बटणावर तिने चिकटपट्टीने एक कागद लावून ठेवला होता: 'बंद करू नये.'
"का गं?" धाकटीने एकदा विचारलं होतं.
"सुरू व्हायला जीव खातो," ताई म्हणाली होती.
बाबा म्हणायचे, "आपल्या घरात दोन यंत्रं. एक शिवतं, एक उसवतं."
आई हसायची. ताईही हसायची, पण जरा उशिरा.
२
ताई ज्या प्रोग्रामवर काम करायची त्याला घरात सगळे 'पाटी' म्हणत. मुलं त्यावर कोडिंग शिकायची. पडद्यावर एक लांबलचक पान असायचं. त्यात थोडा कोड लिहायचा, थोडा साधा मजकूर, पुन्हा थोडा कोड. पाटी आपणहून त्या पानाचे तुकडे पाडायची आणि प्रत्येक तुकड्याभोवती चौकट आखायची. चौकटीवर बोट दाबलं की तेवढीच चौकट चालायची आणि तिचं उत्तर तिच्याच खाली उमटायचं. शिवाय चाललेल्या चौकटीच्या कडेला एक आकडा पडायचा. आधी चालली तिला एक, मग चालली तिला दोन, असा.
कुठली चौकट कुठे सुरू होते नि कुठे संपते, हे ठरवणाऱ्या भागाला ताईने नाव ठेवलं होतं कात्री. आणि कात्रीत खोट होती. लिहिणाऱ्याने नुसतं सुटसुटीत दिसावं म्हणून मध्ये एक ओळ रिकामी सोडली, की कात्री तिथेच कापायची. खालच्या अर्ध्या तुकड्याला वरचं काहीच ठाऊक नसायचं. तो चालायला लागला की अडखळायचा, आणि पाटी लाल अक्षरांत बोंब मारायची.
ती खोट ताईला काढायची होती. धाकटीकडे तपासणीचं काम होतं. दुपारी शाळेतून आली, हातपाय धुतले, की ती ताईशेजारी स्टुलावर बसायची आणि मुद्दाम रिकाम्या ओळी सोडलेली पानं लिहायची.
"काय लिहू पण?"
"काहीही लिही. कात्रीला अर्थ कळत नाही. तिला फक्त कुठे कापायचं ते कळतं."
मग धाकटी घरातलंच लिहायची. दारातल्या फरशीवर पाय पडला की ती टक् वाजते. आई शिवताना गुणगुणते. बाबा बूट काढताना एका पायावर लंगडतात.
ताईने तिला एक गंमतही शिकवली होती. "समजा एका चौकटीत तू एखादी वस्तू ठेवलीस, चौकट चालवलीस, आणि मग ती पुसून टाकलीस. पानावर काही उरलं नाही. पण आत ती वस्तू असतेच. पाटी बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत असते. दिसत नाही, पण हाक मारलीस तर ओ देते."
"आणि बंद केली तर?"
"मग गेली," ताई म्हणाली, आणि उठून पाणी प्यायला गेली.
ती गेल्यावर धाकटीने एक चौकट चालवली. कडेला आकडा पडला. तिच्या वरच्या चौकटीचा आकडा तिने पाहिला, पुन्हा खालचा पाहिला. मधला एक आकडा नव्हता. म्हणजे ह्या दोहोंच्या मध्ये आणखी कुठलीतरी चौकट चालली होती. पण पानावर तशी चौकट कुठेच नव्हती.
"माझं बोट लागलं असेल चुकून," ताई परत येऊन म्हणाली. तिच्या हातात पेला होता आणि पेल्यात पाणी नव्हतं.
३
"झालं!" एके दुपारी ताईने खुर्ची मागे ढकलली. "बघ, सगळं हिरवं."
धाकटीने आपली सगळी पानं एकामागून एक चालवून पाहिली. कुठेही लाल अक्षर नाही. तिला आनंद व्हायला हवा होता. पण तिने एक पान नीट वाचलं, आणि तिला दिसलं, की रिकाम्या ओळीखालचं वाक्य तिथे नव्हतंच.
"ताई, फरशीचं कुठे गेलं?"
"कशात बसत नव्हतं. जो तुकडा कशातच बसत नाही, तो कात्री आता गुपचूप टाकून देते."
"पण मग ज्याने लिहिलं, त्याला कळणार कसं?"
"कळलंच नाही तर तक्रार कोण करणार?"
"हे दुरुस्त करणं नाही, ताई. हे नुसतं लपवणं आहे."
"आली मोठी शहाणी!" ताईने तिच्या वेणीला झटका दिला. "परवा कंपनीच्या मॅडमना दाखवायचं आहे. हिरवं दिसलं नाही तर काम दुसऱ्याकडे जाईल. मग मी काय, आईच्या शेजारी बसून काज-बटणं करू?"
बाहेरून मशीन थांबल्याचा आवाज आला. "काज-बटणांना नावं ठेवू नकोस हं! त्यांच्यावरच वाढली आहेस."
"तुला बरं सगळं ऐकू येतं!"
"मला सगळं ऐकू येतं," आई म्हणाली, आणि मशीन पुन्हा सुरू झालं.
४
दुसऱ्या दिवशी धाकटी शाळेतून आली, दारात चप्पल काढली, आणि खोलीच्या मध्यावर येऊन थबकली. काहीतरी राहून गेलं होतं. दप्तर पाठीवर होतं, डबा हातात होता. मग ती परत दारापाशी गेली आणि फरशीवर पाय ठेवला. मग दुसरा. मग चक्क उडी मारली.
फरशी वाजली नाही.
"काय गं, नाचतेस काय?" आईने मशीनवरून मान वर न करता विचारलं.
"आई, फरशी बसवून घेतली का?"
"कुठली फरशी?"
"ही. टक् वाजायची ती."
"वाजायची?" आईने चष्म्यावरून पाहिलं. "घर घेतल्यापासून घट्ट आहे ती."
धाकटी वाकून बसली. सांध्यांत जुनाच मळ होता, शेजारच्या फरशांसारखी. नवं सिमेंट कुठेच नव्हतं. बाबांनी बसवली असेल, तिने स्वतःला समजावलं. आई विसरली असेल. शिवणाऱ्या माणसाला फरशीचं काय एवढं. लहानपणापासून आपण ती फरशी ओलांडून जातो, आई झोपलेली असली तर उठू नये म्हणून, हेही कदाचित आपल्याच डोक्यात असेल.
ती हात धुवायला गेली. नळ बंद केला, आणि तेव्हा दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली. मशीन चालत होतं. खटखट, खटखट, कापड वळवायला थांबे, पुन्हा खटखट. पण त्या खटखटीवर जे असायचं ते नव्हतं.
"आई, आज गुणगुणत नाहीयेस?"
"मी?" आई हसली. "माझा गळा कधी ऐकला आहेस? मी आयुष्यात कधी गुणगुणले नाही."
बोलता बोलता तिने कापड ओढलं, सुई खाली आणली, आणि नेमकी तिथेच, जिथे ती सूर धरायची तिथे, तिचे ओठ विलग झाले आणि तसेच राहिले. जसं माणूस ओळखीच्या खोलीत शिरतो आणि काय घ्यायला आलो तेच विसरतो. मग तिने ओठ मिटले.
दोन्ही वाक्यं धाकटीच्या पानावर होती. दोन्ही रिकाम्या ओळीखाली.
त्या दुपारी ती आतल्या खोलीत गेली. स्टुलावर बसली आणि आपल्या पानावरच्या सगळ्या रिकाम्या ओळी एकेक करून बुजवल्या. शेवटी तिने स्वतःचं वाक्य लिहिलं, बाबांच्या वाक्याला अगदी खेटून: 'आणि मी, धाकटी, हे सगळं बघते.' वर बोटभरही जागा ठेवली नाही.
५
"काढून टाक ते," संध्याकाळी ती ताईला म्हणाली.
ताईने 'काय' असं विचारलं नाही. धाकटीला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली.
"मॅडमना दाखवून झालं की काढते."
"आत्ता काढ. आईचं गाणं गेलंय, ताई."
ताईने खुर्ची तिच्याकडे वळवली. मग तिने करंगळी पुढे केली. "काढते. आजच. आणि तुझ्या पानाला मी हातसुद्धा लावणार नाही. बस?"
धाकटीने आपली करंगळी अडकवली. ताईचा हात थंडगार होता.
तिला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. बाहेर येऊन ती आईला मदत करायला बसली. आईने घरच्या कपड्यांसाठी निळं कापड आणलं होतं. मापाचे कागद काढले होते. प्रत्येकाच्या मापाचा खाकी कागद कापून ती गुंडाळी करून ठेवायची. ताईचा कागद अंथरला, कापलं. धाकटीचा अंथरला, कापलं. मग तिचा हात आपसूक गुंडाळीकडे गेला, तिने आणखी एक कागद अंथरला, आणि खडूने आखायलाही लागली.
"हा कुणाचा?" धाकटीने विचारलं.
आईचा खडू थांबला. "कुणाचा बरं?" तिने कागद उचलून धाकटीच्या पाठीला लावून पाहिला. कागदाचे खांदे बाहेर आले. ताईला तो लहान झाला असता, हे नुसतं बघूनच कळत होतं. "गिऱ्हाइकाचा असेल. राहिला असेल चुकून."
"तू तर गिऱ्हाइकांचे वेगळे ठेवतेस."
"हो ना," आई म्हणाली. कागद हातात धरून ती तशीच उभी राहिली. दाराच्या मागे तिने उरलेल्या तुकड्यांचा एक लांब कप्पा शिवून टांगला होता, एकाखाली एक तीन खिसे. वरच्यात ताईच्या वस्तू, खालच्यात धाकटीच्या. मधल्यात कधीच काही नसायचं. धाकटीने आजवर त्याचा विचार केला नव्हता. आई त्या खिशाकडे बघत होती.
"माझं ना, आताशा डोकंच चालत नाही," ती म्हणाली, आणि कापायला लागली. तिसराही कापला.
६
पुढच्या दुपारी ताई आंघोळीला गेली होती. आतून पाण्याचा आवाज येत होता. मशीन बंद होतं, आई दोरा आणायला खाली गेली होती. धाकटीला फक्त खात्री करून घ्यायची होती. तिने एक साधी चौकट लिहिली, चालवली. आकडा पडला.
पुन्हा एक आकडा गळलेला.
ती चौकटीकडे बघत बसली. आता कीबोर्डवर ताईचा हात नव्हता. ताई न्हाणीत होती. तिने जागेवरून न हलता पुन्हा तीच चौकट चालवली. पुन्हा एक गळलेला. जणू ती एक पायरी उतरत होती आणि तिच्या मागोमाग दुसरं कुणी एक पायरी उतरत होतं.
ताईने एक आज्ञा शिकवली होती: पाटीवर आजवर जे जे चाललं ते सगळं दाखव, पुसलेलंसुद्धा. धाकटीने ती लिहिली. बोट ठेवलं. पडद्यावर जुन्या ओळी भराभर खाली उतरत गेल्या आणि थांबल्या.
अगदी वर एक पान होतं. तिच्यासारखंच तपासणीचं पान, पण तिचं नव्हे. ताईचंही नव्हे, ताई इतकी छोटी वाक्यं लिहीत नाही. 'आमच्या घरात आम्ही तिघी. थोरली, मी आणि धाकटी.' त्याखाली एक रिकामी ओळ. मग: 'माझा खिसा मधला.'
त्यानंतर ताईच्या कोडच्या कितीतरी ओळी. आणि त्यांच्यामध्ये, एकेकट्या, ही वाक्यं:
'ताई?'
'ताई, दिवा लाव ना.'
'आईचं मशीन ऐकू येतं मला. मी येते का ऐकू?'
'इथे फरशी वाजली. कुणी आलं?'
'आई गुणगुणते आहे. आई आली!'
'आई नाही. नुसता आवाज आहे.'
धाकटीने पाठ ताठ केली. कुणीतरी मुद्दाम लिहिलं असेल, ती म्हणाली, मोठ्याने, खोलीला ऐकू जाईल असं. ताईची चेष्टा असेल. पण चेष्टा करणाऱ्याला फरशीचं कसं ठाऊक असेल, जी कधी वाजलीच नव्हती म्हणतात?
तिने खाली पाहिलं. तिचंच कालचं पान होतं, ओळी बुजवलेलं. म्हणजे ह्याच्या खालचं सगळं करंगळीच्या शपथेनंतरचं.
'एकटीला भीती वाटते, ताई.'
आणि त्याखाली, ताईच्या ओळखीच्या, सफाईदार भाषेत:
'रडू नकोस. धाकटीला पाठवते.'
पाण्याचा आवाज बंद झाला होता. केव्हा, ते तिला कळलं नव्हतं.
७
धाकटीने बटणावरचा कागद उचकटला आणि अंगठा बटणावर ठेवला.
"ते दाबलंस तर ती जाईल," ताई दारात उभी होती. केसांतून पाणी गळत होतं, टॉवेल हातातच होता. "मग हाक मारली तरी ओ येणार नाही."
"आणि नाही दाबलं तर?"
ताईने टॉवेल खुर्चीवर टाकला. ती जवळ आली, स्टुलाच्या मागे उभी राहिली, आणि धाकटीची सुटलेली वेणी घालायला लागली, शाळेच्या दिवशी सकाळी घालायची तशी, तीन पेड, घट्ट.
"मी मुद्दाम नव्हतं केलं," ती म्हणाली. "तिच्या वेळी मला ठाऊकच नव्हतं. असं टाकून देणं नुसतं एकदा तपासून पाहिलं होतं."
"माझ्या वेळी ठाऊक आहे ना?"
वेणी घालणारे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले.
"तुला तिथे एकटं नाही वाटणार," ताई म्हणाली. "ती आहे ना."
अंगठा बटणावरच होता. दाबायला काय लागतं? पण धाकटीला पडद्यावरचं ते वाक्य दिसत होतं, दिवा लाव ना. ज्या बहिणीचा तिला चेहरासुद्धा आठवत नव्हता, तिने आईच्या गाण्याला आई समजून उडी मारली होती. धाकटीने अंगठा काढला. तिला वाटलं, आता ताई रडेल, तिला कुशीत घेईल, म्हणेल, वेडी का काय, मी तुला पाठवेन होय?
ताईने रिबिनीची गाठ मारली आणि करंगळी पुढे केली. "आईला सांगू नकोस. कुणालाच नको. तिला सोसवणार नाही."
धाकटीने करंगळी अडकवली. का, ते तिचं तिलाच कळलं नाही. नाही म्हणायची तिला कधी सवयच नव्हती.
८
मॅडमना सगळं हिरवं दिसलं. बाबांनी मिठाई आणली. तुकडे वाटून झाल्यावर त्यांनी डबा बंद केला, आणि मग धाकटीकडे बघून घाईघाईने पुन्हा उघडला. "अरे, तू आहेस होय! किती गुपचूप बसतेस गं." ते हसले. पण आधी त्यांनी डोळे बारीक केले होते, लांबच्या मजल्याचा आकडा वाचावा तसे.
आज शाळेत बाईंनी हजेरी घेतली. ती "हजर" म्हणाली, चांगलं मोठ्याने. बाईंनी वर न बघता पुढचं नाव घेतलं.
आणि आत्ता आई बाहेर मापाचे कागद आवरते आहे. तिने एक निराळा काढला, उलटसुलट केला, आणि ताईला विचारलं, "हे एवढंसं कुणाचं गं माप?"
ताई म्हणाली, "गिऱ्हाइकाचं असेल."
तो कागद आईने टाकायच्या ढिगात ठेवला. तिथून तो धाकटीने उचलला, त्याच्याबरोबरचा मधलाही उचलला, आणि त्यांच्याच पाठीवर ती आतल्या खोलीत बसून हे लिहिते आहे. पेनने, कात्री पोचणार नाही अशा जागी, एकही ओळ रिकामी न सोडता. पाटीवरचं आपलं पान तिने मघाशी शेवटचं पाहिलं. बाबांचं वाक्य होतं. तिचंही होतं. फक्त दोघांच्या मध्ये पांढरी, बोटभर जागा होती.
कुणीतरी हाक मारतं आहे. "धाकटे." ताई तर बाहेर हात पसरून आईला माप देत उभी आहे, उघड्या दारातून दिसते आहे. आईच्या ओठांत टाचण्या आहेत. बाबा अजून आले नाहीत. पुन्हा हाक. मागून येते आहे, टेबलाच्या बाजूने, आणि तिच्या पाठोपाठ, अगदी जवळ, फरशी वाजली. टक्. किती दिवसांनी ऐकला मी हा आवाज. त्यात आईचा सूरही मिसळला आहे. ओळखीचं वाटतं सगळं, घरच्यासारखं. आले गं, आले. एवढं एकच लिहून येते, कुणाला हे कागद सापडले तर त्यांना कळावं म्हणून, की माझ्या पानावर मी रिकामी ओळ सोडली नव्हती, ती ओळ ताईने